प्रत्येक फेरीनंतर काय खरं असतं?

“मॅडम, पायथनमध्ये सॉर्ट लिहिलं की यादी लागते. मग हे सगळं हातानं कशाला लिहायचं?”

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो. विचारणारं पोर बहुतेक वेळा वर्गातलं हुशार पोर असतं आणि प्रश्न रास्तच आहे. नोकरीला लागल्यावर यांना कुणी क्रम लावायचा कोड स्वतः लिहायला सांगणार नाही. तयार साधन वापरायचं आणि पुढं जायचं. तरीही शोध आणि क्रमवारी हे दोन विषय मी घाईनं उरकत नाही, कारण लूप म्हणजे काय हे पोरांना खरं कळतं ते इथंच. एक सवय इथं लावता येते. लूपची फेरी संपली की त्या क्षणी काय खरं आहे, ते साध्या मराठीत एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य लिहिता येत नसेल तर कीबोर्डला हात लावायचा नाही, असा माझ्या प्रॅक्टिकलचा नियम आहे.

पहिल्या प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर बंद असतात. टेबलावर आकडे लिहिलेल्या साठ चिठ्ठ्या एका ओळीत पालथ्या मांडलेल्या असतात. एका वेळी एकच चिठ्ठी उलटायची, वाचायची आणि परत पालथी ठेवायची. ही अट महत्त्वाची आहे. कागदावरची यादी आपल्या नजरेत एकदम भरते आणि “५३ तर तिथंच आहे की” असं आपण म्हणून जातो. यंत्राला अशी नजर नसते. त्याला एका वेळी एकच खण उघडता येतो, आणि आत काय होतं ते आपण लिहून ठेवायला सांगितलं तरच ते ठेवतं. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी इथून सुरू होतात. स्वतःला जे दिसतंय ते यंत्रालाही दिसतंय, असं ते धरून चालतात.

चिठ्ठ्या विस्कटलेल्या असतील तर ५३ शोधायचा मार्ग एकच. डावीकडून सुरुवात करायची आणि एकेक उलटत जायचं. हा लिनियर सर्च. त्याचं वाक्य सोपं आहे: ‘आतापर्यंत उलटलेल्या चिठ्ठ्यांत ५३ नाही.’ ओळ संपेपर्यंत हे वाक्य खरं राहिलं तर ५३ कुठंच नाही, आणि हे सांगण्यासाठी साठच्या साठ चिठ्ठ्या उलटाव्या लागल्या. असलेली चिठ्ठी सरासरी तिशीच्या आसपास सापडते. विस्कटलेल्या यादीत याहून हुशारी चालत नाही, आणि छोट्या यादीला ती लागतही नाही. वीस नावांत एक नाव शोधायला लिनियर सर्च उत्तम. त्याला ‘साधा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता चिठ्ठ्या चढत्या क्रमानं लावलेल्या आहेत असं धरू. सोयीसाठी पंधराच घेऊ: ४, ९, १३, १७, २२, २८, ३१, ३६, ४२, ४७, ५३, ५८, ६४, ७१, ८०. खणांचे नंबर शून्यापासून चौदापर्यंत. मधली, म्हणजे सातव्या खणातली चिठ्ठी उलटली तर ३६ निघतो. तो लहान आहे, म्हणून डावीकडचे सगळे एका फटक्यात बाद. उरले आठ ते चौदा. त्यातला मधला खण अकरावा, तिथं ५८. मोठा आहे, म्हणून उजवीकडचे बाद. उरले आठ ते दहा, मधला नववा, तिथं ४७. उरला फक्त दहावा, आणि तिथं ५३ आहे. चार चिठ्ठ्यांत काम झालं. ५३ ऐवजी ५० शोधायला सांगितलं असतं तरी याच चार चिठ्ठ्या उलटल्या असत्या, आणि ५० यादीत नाही हे खात्रीनं सांगता आलं असतं. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. अकरा चिठ्ठ्यांना हातही न लावता त्यांच्याबद्दल ठाम बोलता येतं, कारण क्रमानं त्यांची माहिती आधीच देऊन ठेवलेली असते.

हा बायनरी सर्च. हजार नोंदींत जास्तीत जास्त दहा वेळा पाहावं लागतं, दहा लाखांत वीस वेळा. शंभर कोटी नोंदी क्रमानं लावलेल्या असतील तर तीस वेळा. भारतातल्या सगळ्या मतदारांची नावं एका ओळीत, एका क्रमानं लावली, तर हवं ते नाव तिसाव्या प्रयत्नाच्या आत हाती येईल. हे गणित फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

याचं वाक्य असं: ‘हवा तो आकडा यादीत असलाच, तर तो डावा आणि उजवा या दोन खणांच्या दरम्यानच आहे, ते दोन्ही खण धरून.’ शेवटचे चार शब्द पोरं हमखास गाळतात, आणि घोटाळा तिथंच होतो. पायथनमध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून मी फळ्यावर सरळ लिहिते:

मध्य = (डावा + उजवा) // 2

मधला आकडा लहान निघाला तर डावा कुठं न्यायचा? अनेक जण ‘डावा = मध्य’ लिहितात. पंधरा चिठ्ठ्यांवर बरेचदा चालूनही जातं, म्हणून चूक लपून राहते. आता डावा १३ आणि उजवा १४ असताना ड्राय रन करा, म्हणजे कोड कागदावर हातानं चालवून पाहा. बेरीज २७, तिची निम्मी पूर्णांकात १३, म्हणजे मध्य १३. तिथला आकडा लहान निघाला की डावा पुन्हा १३. पुढच्या फेरीत तेच, त्याच्या पुढच्या फेरीत तेच. प्रोग्रॅम लटकतो. आता आपलं वाक्य वाचा. ‘ते दोन्ही खण धरून.’ मधला खण तर आपण आत्ताच उघडून पाहिला आणि तिथं आकडा नव्हता. मग तो या टप्प्यात ठेवायचं कारणच काय? डावा मध्यच्या एक पुढं जायला हवा. हे पाठ करावं लागत नाही, वाक्यच ते सांगतं.

ही चूक फक्त पहिल्या वर्षाची पोरं करतात असं कुणी समजू नये. जॉन बेंटली या संगणकशास्त्रज्ञानं व्यावसायिक प्रोग्रॅमरांच्या वर्गात बायनरी सर्च लिहायला सांगितला होता. दोनेक तास वेळ दिला, आणि जवळजवळ नव्वद टक्के जणांच्या उत्तरात चूक सापडली. ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात त्यांनी ही हकिगत दिली आहे आणि बायनरी सर्च बरोबर आहे याची सिद्धताही मांडली आहे. गंमत पुढं आहे. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं की त्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्येही एक दोष होता, आणि स्वतः ब्लॉक यांनी जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये तोच दोष सुमारे नऊ वर्षं दडून होता. दोष होता वर दिलेल्या त्या निरागस ओळीत. जावात साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. यादी शंभर कोटींच्या पुढं गेली की डावा आणि उजवा यांची बेरीज या मर्यादेबाहेर जाते, उत्तर उणे येतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. उपाय एका ओळीचा आहे: आधी वजाबाकी करायची, तिची निम्मी डाव्यात मिळवायची. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, त्यामुळे तिथं ही ओळ निर्धोक आहे. सी आणि जावा लिहिणाऱ्यांनी मात्र ती लक्षात ठेवावी.

पण क्रम लावायचा कोणी आणि कसा? इथं मी अभ्यासक्रमाचा क्रम मोडते. बहुतेक पुस्तकं बबल सॉर्टनं सुरुवात करतात. मी इन्सर्शन सॉर्ट आधी घेते, कारण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातात दिला की पोरं कुणी न शिकवता नेमकं तेच करतात. ४२, १७, ५८, ३१, ९ घ्या. वाक्य: ‘डावीकडचा भाग आपसांत क्रमानं लागलेला आहे.’ सुरुवातीला त्या भागात एकटा ४२ आहे, म्हणजे वाक्य आपोआप खरं. मग १७ उचलला, ४२ च्या आधी सरकवला. ५८ जागच्या जागी राहिला. ३१ उचलला, त्यानं ५८ शी तुलना केली, ४२ शी केली, १७ पाशी थांबला आणि त्याच्यापुढं बसला. शेवटी ९ चौघांनाही ओलांडून पहिला आला. तुलना झाल्या नऊ. प्रत्येक फेरीनंतर डावा भाग एकानं वाढला आणि वाक्य खरंच राहिलं. डावा भाग म्हणजे पूर्ण यादी झाली की तेच वाक्य म्हणतं: यादी लागली.

हीच यादी बबल सॉर्टला द्या. शेजारच्या जोड्या पाहत जायचं, क्रम उलटा असेल तर अदलाबदल करायची. पहिल्या फेरीनंतर यादी होते १७, ४२, ३१, ९, ५८. सगळ्यात मोठा ५८ शेवटी जाऊन बसला, हे ठीक. पण ९ कडे बघा. त्याला पहिल्या जागी जायचंय आणि एका फेरीत तो एकच घर डावीकडं सरकला. यादीच्या शेवटी अडकलेल्या लहान आकड्यासाठी बबल सॉर्टला फेरीमागून फेरी काढावी लागते. शिवाय अदलाबदलीही फार होतात. डोनाल्ड क्नूथ यांचा ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथ या शास्त्रात प्रमाण मानला जातो. त्यांनाही या पद्धतीत आकर्षक नावाखेरीज फारसं घेण्यासारखं काही दिसलं नाही. परीक्षेत विचारतात म्हणून मी ती शिकवते. एका तासात.

थोडा हिशेब करू. साठ चिठ्ठ्यांना बबल सॉर्ट १,७७० तुलना करतो. मर्ज सॉर्ट या दुसऱ्या पद्धतीला, जिची ओळख पुढं येते, ३५४ पेक्षा कमी पुरतात. फरक आहे, पण जीव जाईल असा नाही. दहा लाख नोंदी घ्या. बबल सॉर्टच्या तुलना होतात सुमारे ५०,००० कोटी, मर्ज सॉर्टच्या दोन कोटी. यंत्र सेकंदाला एक कोटी तुलना करतं असं धरलं, तर एक काम दोन सेकंदांत संपतं आणि दुसरं जवळजवळ चौदा तासांनी. यंत्र दुप्पट वेगाचं विकत घेतलं तरी सात तास. बबल सॉर्टमध्ये यादी दुप्पट झाली की काम चौपट होतं, आणि पैसे टाकून त्यातून सुटका होत नाही.

मर्ज सॉर्ट जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली लिहिला. तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते एडव्हॅक तेव्हा तयारही नव्हतं. यादी अर्धी करायची, प्रत्येक अर्ध्याची पुन्हा अर्धी, एकेक चिठ्ठी उरेपर्यंत. मग जोडत यायचं. लावलेले दोन गठ्ठे समोर ठेवले की फक्त वरच्या दोन चिठ्ठ्या पाहायच्या, लहान असेल ती उचलायची. गठ्ठ्याच्या आत डोकावायची गरजच नाही. साठ चिठ्ठ्यांना जोडणीचे असे सहा टप्पे लागतात.

क्विक सॉर्टची गोष्ट मात्र मी सावकाश सांगते. टोनी होर हा तरुण इंग्रज विद्यार्थी १९५९ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात होता. रशियन मजकुराचं इंग्रजी भाषांतर यंत्रानं करण्याच्या प्रकल्पाशी त्याचा संबंध आला. रशियन-इंग्रजी शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णक्रमानं होता. फितीवर मधलंच पान उघडता येत नाही, ती गुंडाळतच पुढं न्यावी लागते. बायनरी सर्च तिथं कामाचा नाही. वाक्यातला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे शोधायचा तर फीत पुन्हा पुन्हा मागंपुढं न्यावी लागणार. पण वाक्यातले शब्दच आधी वर्णक्रमानं लावले, तर फीत एकदाच फिरवून सगळे अर्थ हाती येतात. शोध स्वस्त व्हावा म्हणून क्रम लावायचा! होरला आधी बबल सॉर्टसारखीच पद्धत सुचली, ती फार हळू आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग क्विक सॉर्ट सुचला. एक आकडा निवडायचा, त्याहून लहान सगळे डावीकडं, मोठे सगळे उजवीकडं. निवडलेला आकडा आपल्या कायमच्या जागी बसला. दोन्ही बाजूंना पुन्हा तेच.

इंग्लंडला परतल्यावर एलियट ब्रदर्स या कंपनीत त्याला दुसरी एक पद्धत, शेल सॉर्ट, लिहायचं काम मिळालं. ते करून झाल्यावर तो साहेबांना म्हणाला की माझ्याकडं याहून वेगवान पद्धत आहे. साहेबांनी सहा पेन्सची पैज लावली आणि ते हरले. १९६१ साली क्विक सॉर्ट प्रसिद्ध झाला. याच होरनं पुढं १९६९ साली एक निबंध लिहिला. प्रोग्रॅमचा तुकडा चालण्याआधी काय खरं आहे आणि चालल्यानंतर काय खरं असेल, हे तर्कशास्त्राच्या नियमांनी कसं लिहायचं, हा त्याचा विषय. मी पोरांकडून जे एक वाक्य मराठीत लिहून घेते त्याचं मूळ तिथं आणि होरच्या आधी रॉबर्ट फ्लॉइड यांनी केलेल्या कामात आहे.

क्विक सॉर्टचीही एक दुखरी बाजू आहे. नेहमी पहिलाच आकडा निवडला आणि यादी आधीच लागलेली निघाली, तर डावीकडं काहीच जात नाही आणि काम बबल सॉर्टइतकं वाढतं. इन्सर्शन सॉर्टला हीच यादी सोपी जाते. साठ चिठ्ठ्यांना ५९ तुलना, संपलं. म्हणून ‘सगळ्यात चांगला सॉर्ट कोणता?’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. माहिती कशी येते ते आधी सांगा. टिम पीटर्स यांनी २००२ साली पायथनसाठी टिमसॉर्ट लिहिला तो हेच ओळखून. यादीत आधीच लागलेले तुकडे असतील तर ते तसेच उचलायचे, लहान तुकडे इन्सर्शनच्या पद्धतीनं वाढवायचे आणि सगळे मर्ज करायचे. ‘सॉर्ट’ या एका शब्दामागं प्रॅक्टिकलच्या वहीतले दोन प्रयोग, इन्सर्शन आणि मर्ज, सुधारलेल्या रूपात उभे आहेत.

आणि आता मराठी. हे पुस्तकात सहसा नसतं, म्हणून इथं मी मुद्दाम वेळ देते. वर्गाची यादी देवनागरीत टाइप करून पायथनच्या सॉर्टला द्या. काळे, कावळे, कासार असा क्रम येतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून क्रम हवा कावळे, कासार, काळे. यंत्राला वर्णमाला ठाऊक नाही. ते युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक पाहतं, आणि तिथं ळ ची जागा ल आणि व यांच्या मधे आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली ह च्याही पुढं. त्यामुळं ‘ॲलन’ हा ‘हेमा’च्या खाली जातो. काही जण ॲ हे अ आणि अर्धचंद्र अशा दोन खुणा जोडून टाइप करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द. शोधलं तर सापडत नाही, आणि नाव तर डोळ्यांसमोर दिसत असतं.

सगळ्यात घातक प्रसंग पुढचा. कुणीतरी यादी वर्णमालेप्रमाणे नीट लावून दिली: कावळे, कासार, काळे. तुमचा बायनरी सर्च तुलना मात्र युनिकोडच्या क्रमांकांनी करतो. काळे शोधा. मधला कासार. क्रमांकानुसार काळे त्याच्या आधी, म्हणून उजवी बाजू बाद. उरला कावळे, काळे त्याच्याही आधी. शोध संपला, उत्तर: ‘यादीत नाही.’ प्रोग्रॅम कोसळला नाही, लाल अक्षरांत एरर आली नाही, आणि काळे आडनावाचा विद्यार्थी यादीतून गायब झाला. कोडची एकही ओळ चुकलेली नाही. खोटं ठरलं ते आपलं वाक्य, ‘असलाच तर या दोन खणांच्या दरम्यानच’, कारण क्रम लावणाऱ्याचा नियम एक आणि शोधणाऱ्याचा दुसरा होता. मराठी वर्णक्रम पाळणारी तयार लायब्ररी मिळते, आयसीयू तिचं नाव. लावताना आणि शोधताना दोन्हीकडं तीच वापरायची. रोल नंबर मजकूर म्हणून साठवले असतील तर १० हा २ च्या आधी येतो, तेही याच जातीचं दुखणं.

नव्यानं शिकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आज बायनरी सर्च कागदावर लिहा, वर त्याचं वाक्य लिहा, आणि तो हातानं सहा वेळा चालवून पाहा: रिकाम्या यादीवर, एकाच नोंदीच्या यादीवर, दोन नोंदींच्या यादीवर, पहिली नोंद शोधताना, शेवटची शोधताना आणि यादीत नसलेली शोधताना. सहाही वेळा वाक्य खरं राहिलं, की मग खुशाल पायथनचं तयार साधन वापरा.